काळ्या कड्याची पांढरी

माझ्या हातांना आयुष्यभर पांढरं लागलेलं आहे. सोमवार ते शनिवार फळ्यावरचा खडू, आणि रविवारी कड्यावर चढताना तळहाताला घाम येऊ नये म्हणून लावतात ती पूड. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. या दोन्ही पांढऱ्यांची सूत्रं मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. तरीही तिसरं एक पांढरं समोर आलं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही, आणि ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नव्हती.

कडा नेमका कुठे आहे ते आजही सांगणार नाही. आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या पुढे कुठेतरी, एवढं पुरे. ओळखीच्यांना वाटतं, मॅडम शिष्टपणा करतात. तसं नाही. कारण पुढे येईलच.

या कड्याशी माझी गाठ पडली ती अगदी सरकारी पद्धतीने. कॉलेजच्या मुलांची सहल निघाली होती आणि बरोबर एक बाई शिक्षिका पाहिजे, असा नियम होता. बाकीच्या बाईंना त्या रविवारी नेमकी लग्नं निघाली. मी अडतीस वर्षांची, गुडघे त्या मानाने बरे, म्हणून डबे सांभाळायला मला नेलं. दुपारी मुलं दोरावर चढत होती. एकीने चिडवलं, "मॅडम, तुम्हीपण!" मला चिडवलेलं सहन होत नाही. मी साडीखाली सलवार घातली, कंबरेला पट्टे बांधून घेतले आणि दहा-बारा फूट चढून अडकले. वरही जाता येईना, खालीही येता येईना. मग घाबरून खडकाला गाल टेकवला.

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. दगड गरम होता. तापलेल्या तव्यासारखा नाही. कुणाच्या तरी पाठीसारखा. हा आपला विदर्भातला काळा दगड एके काळी जमिनीतून रसासारखा वाहत आला, थरावर थर साचला, हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं असेल. पण तो वाहिलेला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा गालाला कळलं. दोन थरांच्या मधली लालसर रेघ माझ्या डोळ्यांपासून चार बोटांवर होती. मला रडू फुटलं. खाली मुलांना वाटलं, मॅडम घाबरल्या. मी घाबरलेही होते, पण रडत होते ते दुसऱ्याच कारणाने. एवढं जुनं काहीतरी आपल्याला इतकं जवळ येऊ देतं, याचं मला नवल वाटलं होतं.

त्यानंतर मी सुटले नाही.

पुढे आमचा सात-आठ जणांचा गट जमला. नाचणगावचा एक वायरमन, जो वयाने माझ्याहून लहान असूनही सगळ्यांचा भाऊ आहे, एक किराणा दुकानदार, तहसीलमधला एक कारकून, मी. दर महिन्याचा पहिला रविवार चढायचा नाही, कड्याची सेवा करायची, असं ठरलं. आम्ही त्याला श्रमदानच म्हणतो. आमच्या जिल्ह्यात हातात झाडू घेतलेल्या माणसाला कुणी हसत नाही, ही वर्ध्याची जुनी सवय आहे. बाहेरगावचे चढाईवाले यायचे आणि मागे सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, पाण्याच्या बाटल्या टाकून जायचे. त्या वेचायच्या. पावसात वाहून गेलेली पायवाट दगड रचून बांधायची. खडकात ठोकलेले लोखंडी बोल्ट हलतात का ते पाहायचं. हे काम भाऊचं, कारण खांबावर चढून जन्म गेलेला माणूस कोणत्याही खिळ्यावर सहज विश्वास ठेवत नाही. आणि शेवटी, चढणाऱ्यांच्या हातची पांढरी पूड खडकावर राहते, ती नायलॉनच्या ब्रशाने घासून काढायची. हे काम माझं.

मला स्वच्छतेचं वेड आहे हे कबूल करते. घरात मी असले की भांडीसुद्धा दबकून वाजतात. गटातल्यांनी मला 'फिनाईल मॅडम' असं नाव ठेवलं होतं, आणि ते मला कळू नये असा त्यांनी अजिबात प्रयत्न केला नव्हता. पण खडकावरचे ते पांढरे हाताचे ठसे पाहिले की माझ्या डोक्यात तिडीक जायची. इतक्या जुन्या, इतक्या देखण्या काळ्या दगडावर आपल्या घामाच्या खुणा सोडून जायच्या, म्हणजे काय? त्यामुळे आमचा कडा आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत सगळ्यात स्वच्छ होता. याचा मला गर्व होता, आणि गर्व म्हटलं की पुढचं आलंच.

कड्याच्या पायथ्याशी बकऱ्या चारायला एक काकू येत. साठीच्या आतल्या, काटक, कपाळावर गोंदलेलं. आम्ही दिसलो की सावलीला येऊन बसत आणि आमच्या उद्योगाकडे, लग्नघरी आचाऱ्याचं काम पाहावं तसं, पाहत राहत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "पांढरीवर काऊन चढता तुमी?"

"पांढरी कुठली, काकू?"

"हे काय. हे पांढरी नाई तं काय हाये?"

आम्ही कड्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत काळाभोर. भाऊ म्हणाला, "काकू, तुमच्या गावात म्हशीले काय गोरी म्हनते का?" सगळे हसले, काकूही हसल्या. आम्ही पत्र्याची एक पाटी केली आणि वाटेच्या तोंडाशी लावली: 'काळा कडा. कचरा करू नका.' काकू मात्र शेवटपर्यंत पांढरीच म्हणत राहिल्या. मी एकदोनदा सुधारूनही पाहिलं. बाईमाणूस शिक्षिका झाली की समोरच्याचं चुकतं आहे, हे तिला आधी दिसतं.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. नागपूर-अमरावतीकडच्या चढाईवाल्यांचा मेळावा त्या वर्षी आमच्या कड्यावर भरणार होता. पंधरा दिवसांवर आला होता. चाळीसेक माणसं येणार, फोटो निघणार. श्रमदानाला आम्ही सकाळीच पोचलो आणि मी वर पाहिलं. कड्याच्या डाव्या अंगाला, पन्नास फुटांवर, छपरासारखा एक खडक पुढे आला आहे. त्याच्या खाली एक अरुंद कपार आहे. त्या कपारीपासून खाली पांढऱ्याचा ओघळ आला होता. चांगला हातभर रुंद, पुरुषभर लांब.

माझा पारा चढला. आम्हाला न सांगता कुणीतरी येऊन चढून गेलं होतं, आणि पुडीची पिशवीच सांडली होती. "नागपूरची पोट्टी असतील," मी म्हणाले. "मेळाव्याच्या आधी चोरून सराव करून गेली. येऊ देत, एकेकाला सांगते."

त्या बाजूला आम्ही फारसं चढत नसू, त्यामुळे तो ओघळ किती दिवसांचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते विचारावं असंही मला वाटलं नाही. भाऊने वरून वळसा घालून दोर टाकला, खाली येऊन तो आपल्या कमरेला अडकवला आणि मी ब्रश घेऊन चढायला लागले. काकू सावलीत येऊन बसल्या होत्या.

"मॅडम, काय करून राह्यल्या?"

"घासते आहे, काकू. कुणीतरी घाण करून गेलंय."

"थे राहू द्या नं. पांढरीचं पांढरं हाये थे."

"काकू, ती पावडर आहे. हाताला लावायची."

काकूंनी एक चुकार बकरी हाकलली. मग म्हणाल्या, "असंन बापा. तुमी शिकल्या-सवरल्या."

मी घासायला लागले. खालून वर, हात हात करत. थोडं चढायचं, दोरावर बसायचं, घासायचं. पूड उडून माझ्या चष्म्यावर बसत होती. नेहमीच्या पुडीपेक्षा ही जास्त चिकटली होती, खरवडूनच निघत होती. तिला एक वासही होता. तो वास मला आला होता, हे मी शपथेवर सांगते. आला आणि मी म्हटलं, स्वस्तातली भेसळ असेल. दीड तास लागला. खाली पाहिलं तर काळा दगड धुतल्यासारखा लखलखत होता. शेवटचा हातभर उरला होता. त्यासाठी मी कपारीच्या काठावर डावा हात टाकला, पाय वर घेतला आणि डोकं वर काढलं.

समोर दोन डोळे होते.

आधी फक्त डोळेच दिसले. नारिंगी, माझ्या डोळ्यांच्या दुप्पट मोठे, आणि इतक्या जवळ की त्यांत मला माझं शिरस्त्राण दिसलं. मग त्या डोळ्यांभोवती हळूहळू बाकीचं जमत गेलं. शिंगांसारखे उभे दोन तुरे, दगडाच्या आणि वाळल्या गवताच्या रंगाची पिसं, आणि पिसांच्या आतून पुढे आलेली काळी चोच. शृंगी घुबड. एवढं मोठं, की मांडीवर घेतलं असतं तर माझी मांडी भरली असती. ते हललं नाही. मीही हलले नाही. मला वाटलं, हा खडकच डोळे उघडून माझ्याकडे पाहतो आहे, इतकी वर्षं त्याला घासणारी ही बाई कोण म्हणून.

आणि मग लक्षात आलं की ते दीड तास इथेच बसलेलं होतं. मी खालून खरवडत, पुटपुटत, नागपूरच्या पोरांना शिव्या घालत वर येत होते, आणि ते माझ्या डोक्यावर बसून एकेक हात जवळ येणारा ब्रश ऐकत होतं. उडून गेलं नाही. का गेलं नाही?

चोचीचा एक आवाज झाला, टक, टक. मग त्याने पंख उघडले आणि सगळी कपार पंखांनी भरली. ते माझ्या खांद्यावरून बाहेर गेलं. माझ्या गालाला वारा लागला, पण आवाज झाला नाही. अजिबात नाही. एवढा मोठा जीव कानाजवळून जातो आणि वाऱ्यापलीकडे काही कळत नाही. मी हात जोडले असते, पण एका हाताने खडक धरला होता आणि दुसऱ्यात ब्रश होता. तो ब्रश मला त्या क्षणी इतका लाजिरवाणा वाटला की तो तिथेच टाकून द्यावा.

ते का गेलं नव्हतं, ते आता दिसलं. कपारीतल्या मातीत, उघड्यावर, तीन अंडी होती. घरटं असं काही नाही. काडी नाही, कापूस नाही. उंदरांची चार हाडं आणि ही तीन पांढरी अंडी.

"खाली," मी म्हणाले. भाऊला ऐकू गेलं नाही. मला मोठ्याने बोलवेना. मी दोर दोनदा ओढला, तेव्हा त्याने मला सोडत खाली आणलं. जमिनीवर पाय टेकले.

मी सांगितलं. भाऊने एकच गोष्ट विचारली, "ऊन केव्हा येते तिथं?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. उन्हाची कड छपराच्या खडकावरून खाली सरकत होती. अर्ध्या-पाऊण तासात ती कपारीत शिरणार होती. नाल्याच्या बाभळीवर दोन कावळे बसलेले होते. नाल्यापलीकडे, आंब्याच्या झाडात, घुबड गेलं होतं आणि तिथून आमच्याकडे पाहत असणार.

काकू उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी माझ्या पांढऱ्या झालेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं.

"मी म्हनलं नाई का, पांढरीचं पांढरं हाये. माह्या सासूच्या पह्यलेपासून हाये थे घुबड. हे नाई, त्याचा बाप, त्याची आजी. पन कोनी नं कोनी हायेच. गावाची पांढरी असते का नाई? काळीत वावर अन् पांढरीत घरं. तशी हे त्याईची पांढरी. जेथं कोनी वसते थे पांढरी, मॅडम. रंग पाहून नाव नाई ठेवलं आमी."

काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. सातबारे आणि गावठाणं पाहत वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्यातला कारकून तर रोज हेच शब्द लिहितो. पण दगडावरच्या डागात वस्ती वाचायची असते, हे आम्हा सातांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. एका बाईने ते दहा वेळा सांगितलं होतं आणि आम्ही म्हशीचा विनोद केला होता.

"लहानपनी सांगत का नाई," काकू म्हणाल्या, "घुबडाले गोटा मारू नका. थे गोटा उचलून नेते अन् नदीवर घासत बसते. गोटा झिजते तसा मानूस झिजते. अन् तुमी तं मॅडम, त्याचाच गोटा घासला."

भाऊला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. मला मात्र तो शाप ऐकून बरंच वाटलं. काहीतरी शिक्षा असावी, असं वाटत होतं.

"येईल का परत?"

"कोनाले मालूम. तुमी इथून निंघा पह्यले. सगळे. दोर घेऊन. मी बसतो थ्या पळसाखाली, कावळे हाकलतो. मले थे ओळखते."

आम्ही पाच मिनिटांत सामान आवरलं. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबले असते.

घरी आल्यावर ब्रशाच्या केसांत अडकलेली पूड मी एका कागदात झाडून घेतली. सोमवारी प्रयोगशाळेत कुणी नसताना ती परीक्षानळीत टाकली, वर विरल आम्ल सोडलं. चढाईची पूड असती तर फसफसून बुडबुडे आले असते. एकही आला नाही. ती घुबडाची विष्ठा होती. अकरावीच्या मुलांना मी पहिल्याच प्रॅक्टिकलला बजावते, की दोन पांढऱ्या पुडी डोळ्यांनी ओळखू नका, आम्ल टाका. वीस वर्षं बजावते आहे. त्या नळीकडे मी किती वेळ पाहत राहिले कुणास ठाऊक. शिपाईबाई येऊन म्हणाल्या, "मॅडम, बरं नाही का?"

घुबडांचं वाचलं. या दिवसांत बसलेलं पाखरू एकदा जोराने उठवलं तर परत येतंच असं नाही. अंडी थंड झाली किंवा तापली, की संपलं. आणि आम्ही परत जाऊन पाहणं म्हणजे उरलीसुरली शक्यताही घालवणं. कपारीच्या आतलं खालून दिसत नाही. वरून डोकावायचं तर पुन्हा तोच अपराध. म्हणजे मला कळण्याचा रस्ता एकच होता. जो ओघळ मी दीड तास खपून पुसला होता, तोच पुन्हा उमटला, तर कपारीत कुणीतरी राहतं आहे. नाही उमटला, तर मी एक वस्ती उठवली.

कडा बंद करायचा, हे मी आणि भाऊने वाटेतच ठरवलं होतं. पण कारण काय सांगणार? घुबड आहे असं एकदा फोनवरच्या ग्रुपवर गेलं, की ते कुठल्या हातात जाईल सांगता येत नाही. घुबडाची नखं, पिसं, डोळे यांच्यासाठी माणसं कुठल्या थराला जातात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गटातल्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं, त्यांनी ठेवलं. बाहेरच्यांना काय? युक्ती काकूंचीच. "मोहोळ बसलं म्हना. आग्या मोहोळाले कोनी जवळ नाई येत."

मी आयुष्यात कॉलेजच्या तपासणीलासुद्धा खोटं बोलले नव्हते. ग्रुपवर लिहिलं: 'काळ्या कड्यावर आग्या मोहोळ. मेळावा रद्द. कडा उन्हाळाभर बंद.' दहा मिनिटांत नागपूरच्या संयोजकाचा फोन आला. गाड्या ठरल्या होत्या, जेवण ठरलं होतं, त्याचा राग समजण्यासारखा होता. "अरे मॅडम, धुवाँ करून काढून टाकू ना. मेरे पास आदमी है, एक घंट्याचं काम."

"नाही काढायचं," मी म्हणाले.

"काऊन?"

"कारण ते त्यांचं घर आहे."

"मोहोळाचं?"

"हो. मोहोळाचं."

तो हसला. मग थंडपणे म्हणाला, "तो कडा तुमच्या नावावर आहे का, मॅडम?" पुढे बरेच दिवस लोक त्याला 'मॅडमचा कडा' म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं. त्याला उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवत होती. नाही दिलं.

मग रविवार सुरू झाले. मी बसने रोहण्यापर्यंत जायची, तिथून भाऊ गाडीवर घ्यायचा. नाल्याच्या अलीकडे काकूंच्या हरभऱ्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, आहे. त्या धुऱ्यावर बसून दुर्बिणीने कडा पाहायचा. जवळ जायचं नाही, ही शपथ. पहिल्या रविवारी मी दुर्बीण लावली आणि कपारीखालचा दगड पाहिला. काठाच्या उजवीकडे मी न घासलेला हातभर सोडला, तर काळाभोर, लखलखीत, एक ठिपका नाही. माझ्या हातचं काम. इतकं नेटकं काम मी कधी केलं नव्हतं.

"आवाज येते का?" मी काकूंना विचारलं.

"येते. दिवस बुडता बुडता हुंकारते. पन थे आंब्यातून येते, नाल्याच्या इकडून. पांढरीतून नाई."

दुसऱ्या रविवारी तेच. हरभरा सोंगून झाला होता, रान मोकळं झालं होतं. तिसऱ्या रविवारीही दगड कोरा. भाऊने विषय बदलायचा म्हणून बोल्टांबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. मी जेवणाचा डबा उघडला, बंद केला. वर्गात फळा पुसताना हात थांबायचा. स्वच्छ फळा पाहून धास्तावणारी मी जगातली एकटीच शिक्षिका असेन.

पण त्या रविवारांनी मला आणखी एक दिलं, ते न सांगणं कृतघ्नपणा होईल. इतकी वर्षं मी त्या कड्याला हात लावत होते, आणि बसून पाहिला कधीच नव्हता. चढणारा माणूस खडकात फक्त पुढची पकड शोधतो. आता हात लावायचा नाही म्हटल्यावर दिसायला लागलं. सकाळी ऊन आधी वरच्या थरावर येतं आणि एकेक थर उजळत खाली उतरतं, तेव्हा लाल रेघा पेटल्यासारख्या दिसतात. पाकोळ्या भेगांमधून इतक्या वेगाने बाहेर पडतात की त्या आदळतील असं वाटून मी दर वेळी श्वास धरायची. ज्या भेगेत मी हजारदा बोटं घातली होती तिच्यातून एक घोरपड निघाली, उन्हाला पडली आणि परत आत गेली. खाली मुंग्यांच्या रांगेसारखी आमची पायवाट. सगळा कडा घरांनी भरलेला होता, आणि आम्ही त्याला चढाईची जागा म्हणत होतो. काकूंची पांढरी मला तिथे बसून अक्षरशः दिसली. मला माझ्या खुजेपणाचं हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला, की एवढं सगळं इतकी वर्षं आपल्या नाकासमोर चाललं होतं.

चौथा रविवार मार्चातला. ऊन चढायच्या आत पोचलो. काकू आधीच धुऱ्यावर होत्या. मी दुर्बीण लावली.

कपारीच्या काठाला काहीतरी होतं. बोटाएवढं. मी काचा पुसल्या, पुन्हा लावली. उन्हाची चमक असेल. ऊन अजून तिथे आलेलं नव्हतं. मग मीच सोडलेला शेवटचा हातभर असेल, तो मी घासला नव्हता. पण तो काठाच्या उजवीकडे होता आणि हे डावीकडे. आता आम्ल टाकायला मिळालं असतं तर काय हवं होतं! मी दुर्बीण भाऊकडे दिली. त्याने पाहिलं आणि तिथेच ढेकळांवर बसला.

"काकू, तुम्ही पाहा." मी दुर्बीण पुढे केली.

काकूंनी ती हाताने बाजूला सारली. "मले काय करायचं थे. दिसून राह्यलं नं. गुरुवारपासून दिसून राह्यलं. काल दिवस बुडताना उंदीर घेऊन आत गेलतं. मी नाई सांगितलं, म्हनलं मॅडमले सोताच पाहू द्या."

मी पुन्हा पाहिलं. काळ्या दगडावर एक पांढरी रेघ, खडूने नुकतीच ओढायला घ्यावी तशी. दोन थेंब तिच्यापासून सुटून खाली आले होते. मला त्या डागाचा इतका आनंद झाला की मी, फिनाईल मॅडम, काकूंचा पदर डोळ्यांना लावून ढसाढसा रडले. पदराला बकऱ्यांचा वास येत होता. काकूंनी पाठीवर दोन थापा मारल्या.

पावसाळ्याआधी तो ओघळ हातभर रुंद झाला. भाऊने वाटेवरची पाटी काढून नेली आणि दुसरी करून आणली. अक्षर त्याचं वाकडंतिकडं आहे, आणि 'काळा कडा' हे शब्द तिच्यावर नाहीत. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत डाव्या अंगाला जायचं नाही, एवढं लिहिलं आहे. वर मोठ्या अक्षरात नाव आहे: पांढरी.

पण मी सांगत होते त्या चौथ्या रविवारचं. रडून झाल्यावर मी तोंड पुसलं, नाक शिंकरलं, पिशवी उचलली. काकूंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, ब्रश तं नाई आनला नं?"

"नाही, काकू."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि बकऱ्यांमागे गेल्या.